बंबाच्या आधी बूट

गोव्यातल्या कोणत्याही गावात शिरा, पहिली भेटते ती कमान. कमानीवर देवाचे नाव आणि खांबाला काळ्या ग्रॅनाइटची पाटी. पाटीवर देणगीदार, रकमेच्या उतरत्या क्रमाने. मला या पाट्या वाचण्याचा नाद आहे (वीस वर्षे सरकारी नोंदवह्या सांभाळल्यावर दुसरा कुठला नाद लागणार?) आणि त्या वाचून एवढे नक्की सांगता येते की आमची गावे कद्रू नाहीत. सभामंडपाचे खांब, पंख्यांची पाती, सिमेंटचे बाक, पाण्याचा कूलर, सगळ्यांवर कुणाचे ना कुणाचे नाव आहे. जत्रेला, काल्याला, भजनी सप्ताहाला, शिगम्याच्या चित्ररथाला पैसा उभा राहतो. उत्सवी नाटकाला तर राहतोच राहतो. आमच्याकडे हौशी नट नाटकात काम करण्याचे पैसे घेत नाही, उलट पदरचे घालतो, हे बाहेरच्या पाहुण्यांना सांगितले की त्यांना खरे वाटत नाही. देवळाच्या पावणीत साधा नारळ हजारांत जातो आणि घेणारा तो मिरवत घरी नेतो.

याच गावात फेब्रुवारी ते मे या दिवसांत डोंगर पेटतो. तो विझवायला कोण जाते, ते एकदा जाऊन बघा. वाड्यावरची दहा-बारा पोरे जातात. पायात रबरी स्लीपर, अंगात फुटबॉल संघाचा पॉलिएस्टरचा शर्ट आणि हातात तोडलेली हिरवी फांदी. हे आमचे अग्निशमन दल! पॉलिएस्टर आगीत वितळते आणि कातडीला चिकटते. स्लीपरही तशीच. विझलेल्या गवताखालची राख वरून थंड दिसते आणि आत निखारा धुमसत असतो. त्यात घोट्यापर्यंत पाय गेला तर काय होते, हे ज्याला बघायचे असेल त्याने मे महिन्यात अशा एखाद्या पोराचा पाय बघावा.

आमच्या गावातल्या पोरांनी गेल्या पावसाळ्यानंतर एक बैठक बोलावली. मागणी साधी होती. आम्ही असेही जातोच, तर आम्हाला नीट सामान द्या. एका मुलाने वहीच्या पानावर यादी करून आणली होती. बारा जणांसाठी कातडी बूट, हेल्मेट, डोळ्यांवर लावायचे चष्मे, हातमोजे, जाड सुती कपडे, डोक्याला लावायचे दिवे, काजूवर फवारणीला वापरतात तसले पाठीवरचे चार पंप, प्रथमोपचाराची पेटी आणि पाला उडवणारे पेट्रोलवरचे एक यंत्र. आगीवर मारायचे झापे तर ते गावातच करणार होते, लांब दांड्याला जुन्या रबरी पट्ट्याचे तुकडे ठोकून. यादी मी पुन्हा एकदा बाजारभावाने मांडून बघितली. बूट दीड हजाराचे धरले, पंप साडेतीन हजारांचे, यंत्र पंचवीस हजारांचे. सगळे मिळून लाखाच्या थोडे वर जाते. गावात तीनशे घरे आहेत. घरामागे साडेतीनशे रुपये. म्हणजे उत्सवी नाटकाच्या एका प्रयोगाला जे लागते, साधारण तेच.

बैठकीत पहिला आवाज उठला तो ओळखीचाच. "तें सरकाराचें काम न्हय?"

या एका वाक्याने गोव्यातली जितकी कामे मेली तितकी लाचेनेही मेली नसतील. मी सरकारातच नोकरी करतो, म्हणून सांगतो. होय, ते सरकारचे काम आहे. १०१ फिरवला की बंब यायलाच हवा, आणि आमचे अग्निशमन दलाचे जवान येतातही. उन्हाळ्यात एका दिवसात किती ठिकाणी त्यांची धावपळ होते ते पेपरात रोज वाचतो आपण. पण बंब ही एक मोठी मोटार आहे, देवाचा रथ नव्हे. तिला रस्ता लागतो, वळायला जागा लागते. सत्तरीत, सांगे-केपेत, धारबांदोड्यात आग लागते ती जिथे काजूची पायवाट संपते त्याच्याही वर. बंब खाली डांबरी रस्त्यावर उभा राहतो आणि जवान पोरांसारखेच फांद्या घेऊन वर चढतात. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास वणवे लागले तेव्हा नौदलाची आणि वायुदलाची हेलिकॉप्टरे पाण्याची भलीमोठी बादली लटकवून आली. आपण सगळ्यांनी ती टीव्हीवर पाहिली. हेलिकॉप्टराने वरून पाणी ओतले तरी खाली धुमसणारा पाला पायांनी चालत जाऊन, उकरून विझवावा लागतो. तो विझवला वनखात्याच्या कर्मचाऱ्यांनी, जवानांनी आणि गावकऱ्यांनी. त्यातल्या गावकऱ्यांच्या पायात काय होते, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही.

आता कारकुनाला शोभेल अशी एक गंमत सांगतो. १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिका यांच्याकडे सोपवण्यासारख्या कामांच्या दोन याद्या घटनेला जोडल्या. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत, त्यात अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत. त्यात कुक्कुटपालन आहे, बाजार आणि जत्रा आहेत, वाचनालये आहेत. आग नाही. कागदोपत्री आग फक्त शहरात लागते! त्यामुळे पंचायत सचिवाकडे बुटांची मागणी घेऊन गेलात तर तो वाईट माणूस असतो म्हणून नाही म्हणत नाही. कुठल्या शीर्षाखाली खर्च टाकायचा हेच त्या बिचाऱ्याला कळत नाही. फाइल वर जाईल, शेरा येईल, खाली येईल, पुन्हा वर जाईल. तोवर दोन उन्हाळे जातील. मागणी करूच नये असे मी म्हणत नाही. जरूर करावी, ग्रामसभेच्या ठरावासह करावी, दर वर्षी करावी. पण तिचे उत्तर येईपर्यंत पोरांनी स्लीपर घालून निखाऱ्यांवर चालायचे काय? शिरगावच्या लईराईच्या होमकुंडातून धोंड जातात ते व्रत करून, देवीच्या नावाने. आमच्या पोरांनी कसले व्रत घेतले आहे?

कुणी म्हणेल, केंद्राची 'आपदा मित्र' योजना आहे की. आहे, आणि चांगली आहे. २०१६ मध्ये ती सुरू झाली, पुढे २०२१ पासून साडेतीनशे जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचे ठरले, प्रशिक्षण घेणाऱ्याला सामानाची पिशवीही मिळते. आपल्या गावात कुणी असे प्रशिक्षण घेतले असेल तर त्यालाच पुढे करा, नसेल तर दोघातिघांना पाठवा. मात्र जिल्ह्याच्या यादीतला एक आपदा मित्र म्हणजे वाड्यावरची बारा माणसे नव्हेत.

दुसरा आवाज अधिक गोड होता. "इतक्या लहान रकमेसाठी घरोघर कशाला फिरता? मी एकटाच देतो. फक्त सामानावर नाव घाला."

बैठकीत लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात गोळा आला. माणूस चांगला आहे, त्याच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण एकाच्या पैशाने आलेली वस्तू त्या एकाचीच राहते. त्याचे आणि पंचाचे बिनसले की पंप कुणाच्या घरी राहायचे यावरून वाद होणार. त्याच्या भाटात आग लागली तर आधी तिथे धावायचे आणि शेजारच्या गरिबाच्या कुळागराकडे मग बघायचे, असे कुणी तोंडाने सांगणार नाही, पण पोरांच्या मनात ते येणारच. शिवाय नावाची पाटी एकदाच लागते. बूट मात्र दोन वर्षांत फाटतात, पंपाच्या वायसर दर उन्हाळ्याला बदलाव्या लागतात, दिव्यांच्या बॅटऱ्या फुगतात. फाटलेल्या बुटाच्या दुसऱ्या जोडीवर नाव घालायला कुणी पुढे आलेला मी अजून पाहिलेला नाही.

कंपन्यांचेही तेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग आहे, आणि आपत्ती व्यवस्थापन त्या यादीत बसते. मिळाले तर घ्यावे. पण गावाची सुरक्षा कुणाच्या ताळेबंदाला बांधू नये. खाणपट्ट्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा झाल्या, आणि खाणवाल्यांच्या देणगीवर उभ्या असलेल्या किती गोष्टी त्याबरोबर बसल्या हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

राजकारणी दात्यांबद्दल तर बोलायलाच नको. निवडणूक जवळ आली की हेल्मेटवर चेहरा छापून मिळेल. मग दुसऱ्या पक्षाच्या घरातला पोरगा ते हेल्मेट डोक्यावर घालणार नाही, आणि तोच नेमका डोंगराची वाट जाणणारा असेल.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे आणि ते मी बैठकीतही मांडले. पैसा गावानेच द्यावा, सगळ्या घरांनी द्यावा, थोडा थोडा द्यावा, आणि दर वर्षी द्यावा. ज्याला साडेतीनशे जमत नाहीत त्याने पन्नास द्यावेत. ज्याला पाच हजार द्यायचे आहेत त्यानेही साडेतीनशेच द्यावेत आणि उरलेले खुशाल कमानीला द्यावेत. तीनशे पावत्या फाटल्या की तीनशे घरांना वाटते, हे पंप आमचे आहेत, पोरे आमच्या वतीने गेली आहेत. आणि ज्याने पावती फाडली आहे तो आपल्या काजूच्या बागेतला पाला पेटवताना एकदा तरी विचार करील. डोंगर आपोआप पेटत नाही हे आपल्याला चांगले माहीत आहे. बोंडू पडायच्या आधी तळ साफ करायला कुणीतरी काडी लावतो, वारा फिरतो आणि काडी लावणारा घरी येऊन हात धुतो. त्याचे नाव सगळ्या वाड्याला ठाऊक असते आणि कुणी घेत नाही. (मीही घेत नाही.)

यात नवे काही नाही. आमच्या गावकऱ्या, ज्यांना पोर्तुगिजांनी कोमुनिदाद म्हटले, त्या हेच करत होत्या. आफोंसो मेशिया याने १५२६ मध्ये गावकरीचे रीतिरिवाज लिहून काढले त्याच्या कितीतरी आधीपासून. गावाच्या उत्पन्नातून आधी गावाची कामे, बांध-मानशी, आणि मग उरेल त्यातून गावकारांना जोण. हिशेब लिहायला कुळकर्णी. खाजन शेतीचा बांध फुटला तर खारे पाणी सगळ्यांच्या शेतात शिरते, ज्याच्या तुकड्याजवळ फुटला त्याच्या एकट्याच्या नव्हे. म्हणून बांध सगळ्यांचा. गावकरीत दोष नव्हते असे नाही. गावकार सोडून इतरांना तिथे किती स्थान होते, हे ज्यांच्या पूर्वजांना बाहेर उभे राहावे लागले ते सांगतील, आणि ती व्यवस्था जशीच्या तशी परत आणा असे मी मुळीच म्हणत नाही. पण पाण्यासाठी जी अक्कल आमच्या पूर्वजांना होती ती आगीसाठी आम्हाला का नसावी?

आणि पोर्तुगिजांचाच विषय निघाला आहे तर हेही ऐका. साडेचारशे वर्षांत आम्ही त्यांच्याकडून पाव घेतला, जनेल घेतले, बँडवाले घेतले. 'बंब' हा शब्दसुद्धा त्यांच्या 'बोंबा'वरून आला असे मानतात. शब्द आला, पण त्या शब्दामागे त्यांच्या देशात जी एक सुंदर संस्था उभी राहिली ती आमच्याकडे रुजली नाही. पोर्तुगालमध्ये आजही आग विझवणाऱ्यांत मोठा भरणा 'बोंबेरुश वोलुंतारियुश' म्हणजे स्वयंसेवक बंबवाल्यांचा आहे. लिस्बनमध्ये १८६८ साली पहिली तुकडी उभारली ती गिल्येर्मे कोसूल या संगीतकाराने. चेलो वाजवणारा माणूस! आज तिथे अशा चारशेहून अधिक संस्था आहेत, गावोगावच्या. गावकरी सभासद होतात आणि वर्गणी भरतात. सरकारही पैसा देते, पण संस्था गावाची असते. कित्येक संस्थांचा स्वतःचा बँड असतो. आमच्या उत्सवी नाटक मंडळीलाच कुणी बंब दिला तर जे होईल, तसेच काहीसे.

तिथे सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नका. जून २०१७ मध्ये पेद्रोगाँव ग्रांदच्या वणव्यात ६६ माणसे गेली. स्वयंसेवक असूनही गेली, कारण माजलेले रान आणि चुकलेले नियोजन यांवर स्वयंसेवक हा उतारा नव्हे. पुढे तिथल्या जळलेल्या घरांसाठी लोकांनी देणग्यांचा पाऊस पाडला आणि त्या पैशातून भलत्याच घरांची डागडुजी झाल्याची प्रकरणे कोर्टात गेली. जिथे देणगी तिथे पावती, आणि जिथे पावती तिथे हिशेबाचा फलक, हे म्हणूनच मी पुन्हा पुन्हा घोकतो. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सात माणसे पुरतात. नोंदणी करा, संस्थेच्या नावाने खाते उघडा, दोन सह्यांशिवाय पैसा निघणार नाही असे ठरवा, आणि जमा-खर्चाचा कागद देवळाच्या, चॅपेलच्या आणि सोसायटीच्या दुकानाच्या फलकावर लावा. देवस्थानच्या खात्यात हा पैसा टाकू नका. देवस्थानचा पैसा महाजनांच्या कायद्याने बांधलेला आहे, आणि आग ही हिंदू, ख्रिस्तांव, मुसलमान असा भेद करत नाही.

पैसा जमवण्याचा आमचा घरचा मार्ग तर तयारच आहे: पावणी. एका रविवारी फणस, केळ्यांचे घड, नारळ, कुणाच्या घरचे लोणचे, कुणाच्या भट्टीची हुर्राकाची बाटली, सगळे मांडावर आणून बोली लावावी. नारळाला हजार रुपये देणारे हात आमच्याकडे आहेतच. मात्र ही पावणी दसरा-दिवाळीच्या सुमारास व्हावी. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो, १९४४ मध्ये मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ. त्या दिवशी पावणी ठेवू असे कुणीतरी सुचवले होते. भावना छान आहे, पण १४ एप्रिलपर्यंत अर्धा डोंगर जळून गेलेला असतो. पैसा नोव्हेंबरात हवा, बूट डिसेंबरात, आणि जानेवारीत त्याच बुटांनी वर चढून डोंगराच्या कडेने दोन-तीन मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून, पाला ओढून साफ करायचा. पाला उडवणारे यंत्र त्यासाठीच. खरे काम ते आहे. विझवणे हे नंतरचे.

तिसरा आवाज एका आईचा होता आणि त्याला मी हसत नाही. ती म्हणाली, "सामान दिलेत की पोरे जास्त पुढे जाणार. माझ्या मुलाला काही झाले तर?"

तिचे म्हणणे अगदी खरे आहे. हेल्मेट चढले की अंगात येते. म्हणून पैसे जमवण्याआधी मर्यादा लिहून काढायला हव्यात. गावच्या पोरांनी जळत्या घरात शिरायचे नाही. ते काम श्वासाची नळकांडी पाठीवर घेतलेल्या प्रशिक्षित जवानांचे. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत पंचवीस माणसे गेली, बहुतेक तिथे राबणारे गरीब कामगार. तिथे अरुंद वाटेमुळे बंब लांब उभे करावे लागले. ती घटना ऐकून कुणी म्हणत असेल की गावोगावी पोरांची दले काढा, तर तो दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतो आहे. तसल्या आगीवर इलाज परवाने देणाऱ्यांकडे आणि तपासणाऱ्यांकडे आहे, बुटांच्या वर्गणीत नाही.

गावच्या तुकडीचे काम पहिल्या अर्ध्या तासाचे. फोन करणे, बंबाला वाट दाखवायला नाक्यावर माणूस उभा करणे, वाटेतल्या गाड्या हलवणे, विजेचा मेन आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करणे, म्हाताऱ्यांना आणि गुरांना बाहेर काढणे. आणि गवताची आग असेल तर, खालून किंवा जळून गेलेल्या बाजूने, झाप्यांनी आणि पंपांनी तिची कड दाबत नेणे. आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहायचे नाही, कारण चढावर ती माणसापेक्षा वेगाने धावते. दुपारी दर्यावरचा वारा सुरू झाला की मागे यायचे, आणि संध्याकाळी हवा दमट झाल्यावर पुन्हा जायचे. हे सगळे अग्निशमन केंद्रात जाऊन रीतसर शिकायला हवे. ज्याने शिकले नाही त्याला बूट नाहीत.

शिवाय विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपये भरले की अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. बारा जणांचे वर्षाला दोनशे चाळीस रुपये होतात. एवढेही गाव आजवर भरत नव्हते. दोन लाख ही काही माणसाची किंमत नव्हे, पण 'आम्ही तुमचा विचार केला होता' एवढे तरी त्या कागदावर दिसते. त्याहून मोठा गटविमा मिळतो का ते विचारायला हवे.

त्या आईच्या प्रश्नातून आणखी एक गोष्ट निघाली, जी आम्हा पुरुषांच्या ध्यानातच नव्हती. आग लागते बहुधा दुपारी. दुपारी पोरे असतात वेर्ण्याच्या नाहीतर कुंडईच्या कारखान्यात, पाळीवर. गावात असतात त्या बायका. गेल्या वर्षी मधल्या वाड्यावरच्या गंजीला आग लागली ती बायकांनीच विझवली, घागरींनी. म्हणजे बारा जोड्यांपैकी निम्म्या तरी सहा-सात नंबरच्या, बायकांच्या पायाच्या मापाच्या घ्यायला हव्यात. यादी करणाऱ्या मुलाने सगळ्या नऊ नंबरच्या लिहिल्या होत्या.

बैठकीच्या शेवटी एका वडीलधाऱ्यांनी मलाच विचारले, "तू एवढा बोलतोस, मग पावतीपुस्तक घेऊन तूच का फिरत नाहीस?" याचे उत्तर सरकारी आहे, पण खरे आहे. सरकारी नोकराच्या वर्तणूक नियमांतला बारावा नियम सांगतो की पूर्वपरवानगीशिवाय त्याने कुठल्याही निधीसाठी वर्गणी मागू नये. तेव्हा मी परवानगीचा अर्ज टाकला आहे. (तो कुठल्या टेबलावर आहे ते मला ठाऊक आहे, टेबल माझ्यापासून चार खुर्च्यांवर आहे.) म्हणूनच या लेखात मी गावाचे नाव लिहिले नाही आणि खाते क्रमांकही नाही. तुमचे पैसे मला नकोत. तुमच्या गावातल्या पोरांच्या पायांकडे बघा आणि ते पैसे तिथे द्या.

सद्यःस्थिती अशी. एकट्याने सगळी रक्कम देऊ म्हणणाऱ्यांची समजूत काढण्यात दोन बैठका गेल्या. ते अजून थोडे रुसलेले आहेत, पण त्यांनी आपल्या साडेतीनशेची पावती फाडली, आणि पावणीला चार घड केळी देतो म्हणाले. बूट आधी, पंप नंतर, यंत्र सगळ्यात शेवटी, असा क्रम ठरला. कुणीतरी जुना टँकर स्वस्तात मिळतो म्हणून आणला होता प्रस्ताव, तो सुदैवाने पडला. टँकरला चालक, विमा आणि टायर लागतात, आणि तो डोंगर चढत नाही.

राहता राहिला चावीचा प्रश्न. सामान देवळाच्या कचेरीत ठेवले तर चावी अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष आठवड्यातले चार दिवस पणजीला. पंचायतीत ठेवले तर पाचनंतर कुलूप. शेवटी सामान डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या जुन्या सोसायटीच्या खोलीत ठेवायचे आणि चाव्या दोन करायच्या ठरले. एक खोलीसमोरच्या घरातल्या म्हातारीकडे, ती दिवसभर सोप्यावर बसलेली असते. दुसरी पोदेराकडे, कारण रात्री दोनला गावात जागा असणारा तोच एक.